कोन्या वावरातली भाजी?

द्वारकाबाई राजूरकरांना जेवायला बोलावणं हे धाडसाचं काम होतं. पानात भाजी पडली की त्या हात मागे घेत आणि वाढणारीला विचारत, "कोन्या वावरातली हाय वं?" लग्नाची पंगत असो की मुंजीची, सवाल ठरलेला. वाढणारी गोंधळून म्हणायची, "बाजारातली." त्यावर बाई म्हणत, "बाजारात काय वावर असते का, बाप्पा?" मग ती बिचारी आत पळायची, कुणाला तरी विचारून यायची, आणि तोवर बाई नुसता वरणभात कालवत स्वस्थ बसलेल्या असायच्या.

लग्न होऊन अमरावतीला आल्यावर मी त्यांना पहिल्यांदा घरी बोलावलं, तेव्हा माझ्याही वांग्यांची चौकशी झाली. मी अकोल्याची, जीभ काही कमी तिखट नव्हती. म्हटलं, "बाई, वांगी वलगावची, विहीर गोड्या पाण्याची. माळ्याचं गोत्रही सांगू का?" बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की आमचे हे बाहेरच्या खोलीतून डोकावले. "सांग ना! पोरीची सोयरीक करताना सात पिढ्या इचारतो. पोटात जाणाऱ्या भाजीची काऊन नाई इचाराची?" आणि मग त्यांनी तीन वेळा वांगी मागून घेतली. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले.

शाळा कसली, राजापेठेतल्या एका धान्याच्या गोदामाचा माळा होता तो. मुलींच्या गुडघ्याला गुडघे लागत आणि खाली पोती आपटली की वर फळा हलायचा. बाई तिथल्या मुख्याध्यापिका. शेतकऱ्याच्या घरची लेक, नागपुरास राहून विज्ञानाची पदवी घेतलेली, पण वऱ्हाडी बोली त्यांनी सोडली नाही. पुण्याकडचे एक तपासनीस एकदा म्हणाले, "मुख्याध्यापिकेनं जरा शुद्ध बोलावं." बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, माह्या बोलीत पोरी सवाल इचारतात. तुमी बोलले तं साऱ्या मुक्या झाल्या, पाहा." साहेबांनी वळून पाहिलं, मुली खरंच चिडीचूप होत्या. शेरा मात्र त्यांनी चांगला दिला, हे सांगायला हवं.

मग गोदामाच्या मालकाला माळा हवासा झाला आणि शाळा रस्त्यावर यायची वेळ आली. सरकारी कचेरीत खूप खेटे घातल्यावर जागा मिळाली ती वलगावच्या वाटेवरची, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याची. लढाईच्या काळात तिथे फौजेचं खाकी कापड रंगवत. लढाई संपली, मालक गेला, रंग मात्र तिथेच राहिला. जमिनीवर पिवळे-हिरवे थर, विहिरीच्या पाण्याला पिवळी झाक, गवताची काडी उगवेना. तिथलं पाणी पिऊन एकाची म्हैस गेली होती, म्हणून गुराखीसुद्धा वळसा घालून जायचे. अट अशी होती, की ठरल्या मुदतीत जागा मुलींना वावरण्याजोगी झाली तर ती शाळेची, नाहीतर एका जिनिंगवाल्याची. तो तर टपूनच बसला होता.

आम्ही सगळ्या शिक्षिका ती जागा बघून रडकुंडीला आलो. बाईंनी मूठभर माती उचलली, रुमालात बांधली आणि म्हणाल्या, "जागा वाईट नसते वं. तिले कोनीतरी वाईट वागवलेलं असते."

ती माती घेऊन त्या अकोल्याला गेल्या, तिथल्या शेतकी शाळेत शिकवणाऱ्या एका ओळखीच्या प्राध्यापकांकडे. परत आल्या त्या पदर खोचूनच. रंगलेला थर सगळा खरवडायचा, तो कारखान्याच्याच पक्क्या सिमेंटच्या हौदांत भरायचा आणि वरून जाड स्लॅब टाकून तोंड बंद करायचं. विहीर इंजीन लावून पुन्हापुन्हा उपसायची, आणि तेही पाणी हौदातच. मग तलावाचा काळा गाळ आणून पसरायचा. त्यावर ताग आणि अंबाडी पेरायची, पण तिथलं पान कुणी तोंडात घालायचं नाही. ना माणसानं, ना गुरानं.

गाळाच्या गाड्या आल्या चांदूर बाजारहून, आमच्या सासूबाईंच्या शब्दावर. सासूबाई म्हणजे वावराच्या मालकीणबाई, गडीमाणसं त्यांना वचकून असत आणि मीही. गावोगावच्या बैलगाड्या त्यांनी एका निरोपावर जुंपायला लावल्या. दोन पावसाळ्यांनी त्या उजाड जागेवर अशी अंबाडी माजली, की रस्त्यानं जाणाऱ्याची नजर ठरेना. आणि तिथेच घोळ झाला.

वऱ्हाडात अंबाडीची भाजी न आवडणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. शिवाय आमच्याकडे कुणाच्या वावरातून चार पानं खुडली तर त्याला चोरी म्हणत नाहीत, आणि भाजीच्या जुडीला नाही म्हणणारा माणूस कवडीचुंबक ठरतो. सासूबाई आमच्याकडे यायला निघाल्या होत्या. आपल्याच गाड्यांच्या गाळावरचं पीक बघून त्यांनी बैलांची दमणी थांबवली, उतरल्या, आणि हौसेनं पदरभर कोवळी पानं खुडली. बाई धावत आल्या. "ठेवा तिथं! एक पान नाई न्यायचं!" सासूबाईंना वाटलं थट्टा आहे. त्या हसत निघाल्या, तर बाईंनी चक्क त्यांच्या पदरात हात घालून सगळी भाजी खाली टाकली.

सवाष्ण बाईचा भरला पदर रिकामा केला! सासूबाई तणतणत आमच्या घरी आल्या. "वं माय, म्या गाडीगाडी गाळ देल्ला अन् मले मुठभर भाजीले नाई म्हनते? ओटी रिकामी केली माही!" तोंडाला पाणीसुद्धा न लावता त्या उलट्या पावली चांदूर बाजारला गेल्या. दुसऱ्या दिवसापासून गाड्या बंद. गाळ अजून अर्ध्याच जागेवर पडला होता आणि मुदत तोंडावर आली होती. बातमी खेड्यांवर पसरली आणि तिथल्या दोन-चार मुलींचे बापही नावं काढायची भाषा करू लागले.

शाळेच्या मंडळातले लोक बाईंना समजवायला आले. "एक जुडी दिली असती तर काय आभाळ कोसळलं असतं?" बाई म्हणाल्या, "मी तिथलं अजून खाल्लं नाई. जे मी खात नाई, ते दुसऱ्याले कशी देऊ? जागा गेली तं दुसरी पाहू. पोटात गेलेलं मी कुठून काढू?" खरं सांगते, त्या वेळी मला बाईंचा रागही आला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं. घरात सासू, शाळेत बाई, मी मध्ये अडकित्त्यातल्या सुपारीसारखी.

शेवटी बाई स्वतः चांदूर बाजारला निघाल्या आणि मला सोबत ओढलं. पिशवीत नारळ, खण, गहू, आणि एका बाटलीत त्या विहिरीचं पाणी. सासूबाईंनी बसासुद्धा म्हटलं नाही. बाईंनी बाटलीतलं पिवळसर पाणी पितळी वाटीत ओतून पुढे ठेवलं. "हे तुमच्या बैलाले पाजान का, आत्याबाई?" सासूबाई वाटीकडे बघतच राहिल्या. "हेच पानी जमिनीत मुरलेलं हाय, त्याच्यावरच ते अंबाडी वाढली. दिसाले हिरवी हाय, पोटात काय घेऊन बसली ते मले ठाऊक नाई. तिचा दोरखंड करीन, भाजी नाई."

वाटी दूर सारून सासूबाई म्हणाल्या, "मंग असं तोंडानं सांगाचं ना. पदर काऊन रिकामा केला?"

"चुकली मी," बाई म्हणाल्या. "भाजी फेकाची होती अन् ओटी भराची होती. अर्धंच काम केलं." आणि तिथल्या तिथे त्यांनी सासूबाईंची खणानारळानं ओटी भरली. सासूबाईंनी डोळे पुसले आणि गड्याला हाक मारली, "शंकर, गाड्या जुप!" मी आत जाऊन चहा टाकला, कारण माझेही डोळे काही कोरडे नव्हते.

मुदत गाठली. हौदांवरच्या स्लॅबवर आमचा रंगमंच झाला, अंबाडीच्या दोरांचे मुलींना झोपाळे झाले, आणि जिनिंगवाल्याचीच नात पहिल्या वर्गात दाखल झाली! तरी बाईंनी भाजीला हात लावू दिला नाही. दरवर्षी माती आणि पाणी अकोल्याला जात राहिलं आणि दरवर्षी प्राध्यापक म्हणत राहिले, "अजून नाही, बाई." एका पावसाळ्यात मात्र ते स्वतः अमरावतीला आले, मळ्यात फिरले आणि म्हणाले, "आता खा."

बाईंनी आधी स्वतः खाल्ली. काही दिवस जाऊ दिले, मग पहिली जुडी चांदूर बाजारला पोचवली आणि सासूबाईंना शाळेत जेवायला बोलावलं. अंगणात पंगत बसली, ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाचं तेल. सासूबाईंनी हात मागे घेतला आणि ठसक्यात विचारलं, "कोन्या वावरातली हाय वं, बाई?"

बाईंनी हातातलं भाजीचं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आपल्या."

सासूबाईंनी घास घेतला. "मीठ कमी हाय," म्हणाल्या आणि पुन्हा पान पुढे केलं.

बाई गेल्या त्या अशाच एका भादव्यात, नोकरीतून मोकळ्या व्हायच्या आधीच. शाळेच्या अंगणात माणूस मावत नव्हता. शिकून गेलेल्या मुली आपापल्या मुलींना कडेवर घेऊन आल्या होत्या, आणि त्या गर्दीत उभं राहून मला रडू येत होतं तेवढाच अभिमानही वाटत होता, की या बाईच्या हाताखाली मी काम केलं. सासूबाई तेव्हा पार वाकलेल्या, तरी एस.टी.नं आल्या. सगळ्यांनी फुलं आणली होती. त्यांनी पदराखालून अंबाडीची जुडी काढली, बाईंच्या उशाशी ठेवली आणि कुणी न विचारता सांगितलं, "घरच्या वावरातली हाय वं, माय. पानी गोड हाय तिथलं."