लेकीच्या शेजारची सीट

पुण्यात मी वीस वर्षं गाडी चालवली, पण ते लायसन्स आयर्लंडमध्ये चालत नाही. इथे पुन्हा शिकाऊ होऊन परीक्षा द्यावी लागली. पास झाल्यावरही दोन वर्षं गाडीवर नवशिक्याचा ‘एन’ फलक लावायचा, आणि तोपर्यंत दुसऱ्या शिकाऊच्या शेजारी सोबतीला बसायचं नाही. नियम योग्यच आहे. फक्त लेक सतरा वर्षांची होऊन शिकायला लागली, तेव्हा माझा एन निघायला अजून वर्ष होतं. नवरा दूर वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात नोकरीला, त्याच्या शनिवार-रविवारी ड्यूट्या. म्हणून ल्यूकनमधल्या आमच्या समोरच्या आयरिश बाई तिला घेऊन जायला लागल्या.

पहिल्या दिवशी मी विचारलं, “मी मागे बसू का?”

“नो, आई. तू मागून ब्रेक मारशील.”

गाडी कोपऱ्यावर नीट वळली. मी भांडी आवरली, कपड्यांच्या घड्या केल्या. मग घरात करण्यासारखं काही उरलं नाही.

परत आल्यावर विचारलं, “कशी झाली?”

“ग्रँड,” म्हणून ती वर खोलीत गेली.

बाई दारात थांबल्या. “हात चांगला आहे तिचा. रस्ताभर गॉलवेच्या कॉलेजबद्दल बोलत होती. तिकडेच जायचं ठरवलंय म्हणे.”

मला हे ठाऊक नव्हतं. माझा एन निघेल तेव्हा ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, गॉलवेला असेल, एवढं मात्र लगेच लक्षात आलं.

“चांगलं कॉलेज आहे,” मी म्हटलं, आणि पुढच्या शनिवारची वेळ ठरवून घेतली.