संत्याच्या विनोदावर सेटवर कुणीच हसेना

मंडळी, आज रावेतला एका बंगल्यात शूटिंग बघितलं. आमचा संत्या चाकणची नोकरी सोडून स्टँडअप करतो. विनोदी मालिकेत त्याचा आज पहिलाच दिवस होता. वाटेत भजी दिसली म्हणून मी गाडी थांबवली, तर उशीर होईल म्हणून संत्याच्या शिव्या खाल्ल्या.

सेटवर गडी प्रत्येक विनोदानंतर थांबायचा. स्टेजवर लोकांचं हसणं ओसरू द्यायची सवय ना! इथं आवाज रेकॉर्ड होतो, म्हणून कुणीच हसत नव्हतं.

"भावा, आपटलो राव. आजच काढतील," संत्या मला म्हणाला.

"येड्या, तो लाईटवाला बघ. हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबलाय त्यानं!"

पुढचा टेक संत्या न थांबता बोलला. 'कट' होताच अख्खा बंगला हसला. दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाले, "उद्या लवकर ये रे."

आपल्यालाही कुणीतरी अशी गपचूप दाद देत असेल, काय वाटतं?