एकोणसाठ की एकोणसत्तर

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आता आहे की नाही, तेही नीट सांगता येत नाही... मी ठाकुर्लीला राहतो, बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे हे घरी बोललेलो नाही. 'हेच शिकायला पाठवलं का?' असं ऐकावं लागेल.

गेल्या सप्टेंबरात वर्तकनगरच्या एका ताईंना पीएचडीच्या कामात मदत करायला मी कसाऱ्यापुढच्या डोंगरात गेलेलो. काम साधं. मी चढावर जाऊन झाडाच्या खोडाला टेप गुंडाळायचा आणि घेर ओरडून सांगायचा. ताई खालच्या पायवाटेवरून तोच आकडा परत म्हणणार, मग वहीत लिहिणार. त्यांनी परत म्हटल्याशिवाय पुढच्या झाडाकडे जायचं नाही.

ताई इंग्लिश मीडियमच्या. पहिल्याच दिवशी मी "त्रेसष्ट" ओरडलो, तर त्यांनी छत्तीस लिहिले.

"अरे नितेश, तुमचे आकडे उलटे का रे असतात? सुटे सांग बाबा, सहा-तीन!"

तेव्हापासून आम्ही सुटेच आकडे बोलायचो.

चौथ्या दिवशी दुपारी धुकं उतरलं. बूट चार दिवस ओले, पाय भरून आलेले. ताई दिसेनाशा झाल्या, पण आवाज येत होता. थकव्यात मी जुन्या सवयीने "अठ्ठेचाळीस", "त्र्याहत्तर" म्हणायला कधी लागलो, कळलंच नाही. खालून लगेच तसंच परत यायचं – न अडखळता. एका झाडाला मी "एकोणसाठ" म्हणालो. खालून आलं, "एकोणसत्तर."

टेप पुन्हा बघितला. एकोणसत्तरच होते. मनात म्हटलं, ताई शिकल्या.

वीसेक झाडं करून खाली आलो, तर ताई वाटेच्या कडेला बसलेल्या. पुढे सरकताना घसरल्या होत्या. घोटा सुजलेला, अंग थंडीने कुडकुडत होतं. वहीत सहाव्या झाडानंतर काहीच नव्हतं.

"किती हाका मारल्या रे तुला... घसा बसला माझा."

"पण ताई, तुम्ही तर आकडे परत म्हणत होतात."

"मी? मी दीड तास फक्त तुझं नाव घेतेय."

मी सगळं सांगितलं. एकोणसत्तरचंही. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "असलं काही रचण्यापेक्षा ऐकू आलं नाही, एवढंच म्हणाला असतास तरी चाललं असतं रे."

त्यांना आधार देत गावात पोचायला तीन तास लागले.

प्रतिध्वनी म्हणावा, तर प्रतिध्वनी चूक सुधारत नाही. यंदा ताईंनी दुसऱ्या कोणाला तरी नेलंय. वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

तो आवाज कोणाचा, मला माहीत नाही. त्याची भीतीही वाटत नाही. पण त्या दीड तासात माझ्या नावाची एकही हाक माझ्यापर्यंत का पोचली नाही... याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.