बांगड्यांच्या दुकानातली स्पॅनिश

नसीमआपा नसत्या, तर स्पेनमधल्या या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मी आज उभा नसतो. हे आधी सांगतो, मग बाकीचं. काही आठवड्यांखाली त्यांच्या भावाचा, सलीमभाईचा फोन आला. ‘दत्ता, आपा गेली रे… दुकानातच छातीत दुखलं, हिंगोलीला नेईपर्यंत…’ हातात कांद्याची टोपली होती. ती खाली ठेवायचंही सुचलं नाही.

मी हिंगोलीजवळच्या नरसीचा. आठवीत शाळा सोडली, कनेरगाव नाक्यावर ढाब्याची भट्टी सांभाळली आणि ओळखीच्या एकामागं इकडं आलो. इथं ज्या हॉटेलात लागलो तिथं सगळे आपल्याकडचेच, हिंदीवर भागायचं. बाहेर पडलं की मी मुका. पक्की नोकरी असेल तरच बायको सुनीता आणि लेक इकडं येऊ शकणार, आणि ती मागायची तर तोंड उघडावं लागणार, तेही स्पॅनिशमध्ये.

एकदा सुट्टीत गावी गेलो तेव्हा सुनीताला बांगड्या भरायला देवळाच्या रस्त्यावर आपांच्या दुकानात नेलं. बघतो तर काय, आपांचे दोन्ही हात सुनीताच्या मनगटावर, कानात इयरफोन, आणि समोरच्या लॅपटॉपवर कुणाशी तरी फडाफडा स्पॅनिश चाललेलं! आपल्या नरसीत! हैदराबादला त्या ही भाषा शिकल्या होत्या. वडील अंथरुणाला खिळले तशा परत आल्या, दुकान सांभाळत शिकवण्या घेऊ लागल्या. मी तिथंच म्हणालो, ‘आपा, मलाबी शिकवा.’

‘तुला काय येतं?’

मी छाती फुगवून सांगितलं, ‘यो कोमिदो.’ म्हणजे मी जेवलो.

आपा अशा हसल्या की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. ‘अरे, कोमिदो एकटं फिरत न्हाई. त्याच्याम्होरं ए लागतो. ए कोमिदो. न्हाईतर सरळ कोमी म्हण.’

‘दोन्हीत फरक काय मग?’

‘तू आचारी ना? भांडं चुलीवर अजून गरम हाय, आजचंच काम हाय, तर ए कोमिदो. काल जेवलास, भांडं घासून पालथं घातलं, तर कोमी. बराबर?’

बराबर! अंगावर काटाच आला माझ्या. शाळेत कुणी असं सांगितलं असतं तर!

पुढची शिकवणी फोनवर. रोज पहिला सवाल एकच, जेवला का? त्याचं स्पॅनिशमध्ये उत्तर दिल्याशिवाय धडा सुरू होत नसे. मग आज काय केलं, काल काय केलं. चुकलो की तिकडून, ‘भांडं बघ की, आठवी नापास!’ ‘नापास न्हाई आपा, सोडली,’ मी म्हणायचो, आणि दोघंही हसायचो.

या वृद्धाश्रमात मुलाखत लागली. पाठ केलेलं सगळं उडालं. समोरच्या व्यवस्थापक बाईंना नमस्कार करायचा, तर दारात आलेल्याला आपण विचारतो तेच तोंडातून निघालं. ‘आ कोमिदो?’ तुम्ही जेवलात का! मुलाखत घेणाऱ्या बाईंना! इकडं असं कुणी विचारत नाही. मला वाटलं, गेली नोकरी. बाई म्हणाल्या, ‘नाही हो, सकाळपासून वेळच मिळाला नाही.’ आणि हसत सुटल्या. म्हणाल्या, इथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला रोज हेच विचारणारं माणूस आम्हाला हवंय. मग काय! आज सकाळी काय शिजवलं, मागं कुठं राबलो, सगळं सांगत सुटलो. एकही क्रियापद चुकलं नाही! रस्त्यावरूनच फोनवर ओरडलो, ‘आपा, झालं! मिळाली!’

‘मराठीत काहून सांगून राहिलास? स्पॅनिशमध्ये सांग!’ म्हणाल्या, आणि त्यांनाच हुंदका आला.

सुनीता आणि लेक दिवाळीच्या सुमाराला येतील असं दिसतंय. आपांना तेवढं कळलं होतं… परवा इथल्या एका आजींनी विचारलं, उदास का? मी म्हणालो, ‘माझी मास्तरीण आ मुएर्तो.’ म्हणजे वारली, जणू आजच. आजींनी हळूच सुधारलं, इतके आठवडे झाले, आता ‘मुरिओ’ म्हणायचं. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलंच म्हणालो. माझ्या लेखी भांडं अजून चुलीवर गरमच होतं.

सलीमभाई सांगत होता, आपांकडं हिंगोलीच्या दोघी नर्स शिकत होत्या, त्यांची स्पॅनिशची तोंडी परीक्षा जवळ आलीय, आता त्यांनी कुणाला विचारावं? धडकी भरली, तरी मी त्यांचे नंबर मागून घेतले. रविवारी पहिला फोन लावतोय. आपा, त्या बोलत्या होईस्तोवर सोडणार न्हाई. तुमचं एवढ्यानं फिटत न्हाई, माहीत हाय मला. पण कधीतरी फेडीनच.