गॉल विरुद्ध नगर

धाकट्या भावाला घरी परत आणण्यासाठी मी साठाव्या वर्षी समुद्र ओलांडला. माधव सिलोनातील गॉल शहरी काथ्याच्या वखारीत कारकून होता. युद्ध संपताच तो निवृत्त झाला, तरी नगरला परतण्याचे नाव काढीना. माझ्या सात पत्रांना उत्तर म्हणून त्याने एकच पोस्टकार्ड धाडले: "समक्ष येऊन बोला."

बोटीवर चढण्यापूर्वीच माझे ज्वारीचे पीठ जप्त झाले. "कोणत्या हुकमान्वये?" मी कडाडलो. तपासनिसाने धान्य देशाबाहेर नेण्याच्या बंदीचा छापील हुकूम पुढे धरला. क्रमांक, सही, शिक्का, सर्व यथास्थित. पीठ गेले, परंतु इतका चोख मनुष्य क्वचित भेटतो, असे मी त्याला तिथेच लेखी दिले.

कोलंबोहून गॉलची आगगाडी समुद्राला इतकी लगटून धावते की तुषार माझ्या टिपणवहीवर उडाले. स्टेशनावर माधव सारोंग (लुंगीसारखे वस्त्र) नेसून उभा होता.

सकाळी आप्पा (आंबवलेल्या तांदळाचे वाटीसारखे धिरडे) खाऊन आम्ही ओसरीवर बसलो. "अण्णा, दावा मांडा," माधव म्हणाला. त्याची पत्नी राधाबाई नारळ खवत होती, न्यायाधीश तीच.

मी भूगोलापासून आरंभ केला. "नगर सीना नदीच्या काठी, कोरड्या पठारावर. पापड दुपारपर्यंत वाळतो."

"इथे आठवडा लागतो," राधाबाई म्हणाली. "हा मुद्दा नगरचा."

"आमचा भुईकोट किल्ला निजामशाहीचा."

"आमचा पोर्तुगीजांनी आरंभिला, डचांनी पुरा केला," माधव म्हणाला. "आत लोक संसार करतात. तुमच्या किल्ल्यात तुम्हांला तरी कोणी सोडते का?"

तेथे लष्कराचा पहारा असल्याने मी व्यापाराकडे वळलो. नगरला हातमाग, कातडी, गुळाची आडत. गॉलला काथ्या आणि दालचिनी. मोठी जहाजे कोलंबोला जाऊ लागल्यापासून येथील बंदर सुस्तावले आहे.

"मीही," माधव म्हणाला.

मग तो मला किल्ल्याच्या तटाकडे घेऊन गेला. रस्त्याखाली डचांची गटारे आहेत. भरतीचे पाणी आत शिरते आणि ती धुऊन काढते.

"अर्ज कोणाकडे करावा लागतो?"

"चंद्राकडे."

घरी परतताच राधाबाईने विचारले, "भाऊजी, आपल्या दारापुढचे गटार वाहते का?"

"नगरपालिकेशी सहा वर्षे पत्रव्यवहार चालू आहे."

"सासूबाई त्याच चिखलात घसरल्या, त्या पुन्हा चालल्या नाहीत. ह्यांचेही गुडघे आता तसलेच. गटार वाहू लागले की कळवा. आम्ही लागलीच निघतो."

निकाल सशर्त होता. पण अपिलास जागा नव्हती.

नगर स्टेशनावर ओळखीचा टांगेवाला भेटला. "धाकलं मालक न्हाई आलं व्हय?"

मी अट सांगितली. तो मनसोक्त हसला. "मंग तुमी लई दिस येकलंच ऱ्हानार, अण्णा."

घरी पोचताच कायद्याचे पुस्तक उघडून संबंधित साहेबांस पत्र लिहावयास बसलो. पूर्वीच्या प्रत्येक पत्रात मी कलमे, मुदती आणि अखेरची ताकीद घातली होती. या वेळी गॉलच्या गटारांचे वर्णन लिहिले आणि खाली एवढेच: माझा धाकटा भाऊ घरी यावयाचा आहे, कृपया लक्ष घालावे.

कायद्याचे पुस्तक मी मिटले नाही. फक्त थोडे बाजूला सरकवले.