लाईट म्हणजे नेमके काय?

तिन्ही कोटेशन्स अंगणातल्या खाटेवर पसरलेली होती. उसाकडून वाऱ्याची झुळूक आली, तसे अलकाताईंनी त्यांच्यावर दुधाचे माप ठेवले. माप नुकतेच विसळलेले होते, तरी त्याला सकाळच्या धारेचा वास होता, आणि त्याच्या बुडाचा ओला गोल सर्वांत वरच्या कागदावर उमटला.

"मॅडम, लई तुलना करायचं कामच नाय," त्यांचे यजमान बाळासाहेब म्हणाले. "ह्ये आळेफाट्याचं बघा. समद्यात स्वस्त. तीन किलोवॅटचा सोलर. तुमी फकस्त सही ठोका."

सही माझीच हवी होती. मी विद्युत अभियंता आहे. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेकडे घरगुती सोलरच्या कर्जाचे अर्ज येतात, त्यांची तांत्रिक तपासणी मी करते. घर पाहायचे, छत पाहायचे, कोटेशन वाचायचे आणि ज्या कामासाठी कर्ज घेतले जात आहे ते काम त्या सामानाने होईल का, एवढे सांगायचे. बोरी बुद्रुकला निघताना मॅनेजरसाहेबांचा फोन आला होता.

"मॅडम, आजची फाइल साधी आहे. लगेच होईल."

"बघते."

"बघू नका हो, उरका. महिनाअखेर आहे."

मी माप उचलले आणि वाचू लागले.

कोटेशनची तुलना म्हणजे शेवटच्या ओळीतल्या आकड्यांची तुलना, असा बहुतेकांचा समज असतो. आळेफाट्याच्या विक्रेत्याने सरकारी अनुदान आधीच वजा करून आकडा लिहिला होता. प्रत्यक्षात विक्रेत्याला पूर्ण रक्कम द्यावी लागते आणि अनुदान पॅनेल बसल्यानंतर, तपासणी झाल्यावर, ग्राहकाच्या खात्यात जमा होते. मंचरच्या विक्रेत्याने ते वजा केले नव्हते, म्हणून तो महाग दिसत होता. पुण्याच्या कंपनीने किंमत जवळजवळ लपवून ठेवली होती. मोठ्या अक्षरांत फक्त मासिक हप्ता, आणि त्याखाली 'झिरो डाउन पेमेंट'.

"ह्यो हप्ता तर आमाला झेपंल," बाळासाहेब म्हणाले. "पतसंस्थेपेक्षा व्याज कमी लावलंय राव त्यांनी."

"कमी दिसतंय. त्यांचं व्याज फ्लॅट आहे. तुम्ही निम्मं कर्ज फेडलं तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच चालू राहणार. आपल्याकडे जेवढं उरलं असेल तेवढ्यावरच."

त्यांनी पुण्याचा कागद उचलला, घडी घातली आणि खाटेच्या पायाखाली सारला. खाट डुगडुगत होती, ती थांबली.

उरलेली दोन कोटेशन्स मी एका मापात आणली. अनुदान वजा न करता दोन्हींची पूर्ण किंमत धरली. पॅनेल देशी बनावटीचे आहे का ते पाहिले, कारण नसेल तर अनुदान मिळत नाही. लोखंडी सांगाड्याची उंची, अर्थिंग, नेट मीटरचा खर्च कोणाकडे, हे फोनवर विचारून घेतले. नेट मीटर म्हणजे दोन्हीकडचा हिशेब ठेवणारे मीटर. दुपारी छतावर तयार झालेली जास्तीची वीज तारेतून बाहेर जाते, संध्याकाळी बाहेरची वीज घरात येते आणि बिल दोहोंतल्या फरकाचे येते. एवढे झाल्यावर दोन्ही आकडे जवळ जवळ आले. बाळासाहेबांचा चेहरा थोडा उतरला. स्वस्त कोटेशन आपण शोधून काढले होते, याचा त्यांना अभिमान होता.

"पण तीनचाच का?" मी विचारले. "तुमचं बिल पाहता दोन किलोवॅटमध्ये भागेल."

"समद्या मळ्यानं तीनचा घेतलाय. आमी दोनचा लावून बसू व्हय?"

या प्रश्नाला अभियांत्रिकीत उत्तर नाही. मी छतावर निघाले.

स्लॅब तापू लागली होती. एका कोपऱ्यात वाळत घातलेल्या मिरच्यांमुळे नाकात बारीक झणझण उठली. दक्षिणेकडे अडथळा नव्हता, टाकीची सावली पॅनेलवर पडणार नव्हती. खाली गोठा, गोठ्यामागे हातभरावर ऊस. मी टेपचे टोक धरायला दिले होते, ते धरून अलकाताई गोठ्याकडेच पाहत होत्या.

"मॅडम, ह्ये एकदा लावलं म्हंजी गोठ्यातला दिवा जायचा नाय ना?"

"केव्हा?"

"लाईट गेल्यावर."

मी टेप गुंडाळायची थांबले.

त्यांच्या चार गाई. दूधगाडी लवकर येते, म्हणून धार काढायची ती उजाडायच्या आत. नेमकी तेव्हा लाईट जाते. मग मोबाईलचा टॉर्च लावून मोबाईल दातांत धरायचा आणि दोन्ही हातांनी धार काढायची. मान वळली की उजेड वळतो, आणि ऊस पाठीमागे राहतो. थोड्याच दिवसांपूर्वी गोठ्याच्या दारातून बिबट्याने कुत्रे उचलून नेले होते.

"भुकलं पन नाय वो," त्या म्हणाल्या. "नुसती साखळी वाजली."

दिवा असला म्हणजे बिबट्या येणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण साखळी कशाने वाजली हे दिसते. या घराला सोलर हवे होते ते यासाठी. आणि तिन्ही कोटेशन्समधले सोलर लाईट गेल्याबरोबर बंद पडणारे होते.

मी जिन्यावरूनच आळेफाट्याच्या विक्रेत्याला फोन लावला.

"यांना तुम्ही ऑन-ग्रिड दिलंय. बॅटरी नाही. लाईट गेली की हे चालणार नाही, हे सांगितलंय का?"

"मॅडम, त्यांनी ते इचारलंच नाय."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"लाईटचा प्रश्न कायमचा मिटला, असं म्हणलो. मिटतोय की!"

"लाईट म्हणजे?"

"लाईट म्हंजी बिल, मॅडम. दुसरं काय?"

तो खोटे बोलत नव्हता. आपल्याकडे लाईट येते, लाईट जाते, लाईट लावतात आणि लाईटचे भरतातही. दिवा, वीजपुरवठा आणि बिल, तिन्हींना मिळून एकच शब्द. विक्रेत्याने त्यातला एक अर्थ विकला, बाळासाहेबांनी तोच घेतला, आणि अलकाताई दुसराच धरून बसल्या होत्या.

मी खाली येऊन समजावले. बाळासाहेबांना पटेना.

"ऊन पडलं की वीज तयार व्हती ना? मंग लाईट गेली काय नि ऱ्हायली काय?"

बोलून उपयोग नव्हता. मी दोघांना गाडीत घेतले आणि आळे गावी विमलताईंकडे नेले. विमलताई सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांच्या छतावरचे सोलर मीच तपासले होते. भर दुपार होती. हॉलमध्ये पंखा गरगरत होता, सोलरच्या इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या डब्यावर, हिरवा दिवा होता.

"ताई, मेन स्विच पाडू का? लाईट गेली असं समजायचं."

"पाडा की."

मी स्विच खाली ओढला. खटका वाजला. पंख्याची पाती एकेक करून वेगळी दिसू लागली, मग थांबली. फ्रिजची घरघर विरली. बाहेर अंगणातल्या तुळशीवर डोळ्यांना सोसणार नाही असे ऊन होते.

बाळासाहेब उठून दारात गेले, कपाळावर हात धरून वर पाहून आले. "ऊन तर हाये की वो!"

"ऊन हाये," विमलताई म्हणाल्या, "पन सायेब नाय. ह्ये सरकारी खातं हाये, भाऊ. सायेब जागेवर नसला की काम बंद. मी आख्खी नोकरी त्यातच केली, मला नका सांगू!"

त्यांचे म्हणणे हसण्यावारी गेले तरी तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. तारेत वीज आहे तोवरच हा इन्व्हर्टर काम करतो. ती गेल्यावरही छतावरची वीज तारेत जात राहिली, तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. म्हणून बंद पडणे हा त्याचा दोष नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे.

अलकाताई थांबलेल्या पंख्याकडे पाहत होत्या. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "बिल तुमचं गेलं असतं. अंधार माझा ऱ्हायला असता."

विमलताईंनी दिलेला चहा बाळासाहेबांनी बशीत ओतला आणि ते फुंकत बसले.

परतीच्या वाटेवर मी त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले. पहिला, हायब्रीड, म्हणजे बॅटरी जोडलेले सोलर. लाईट गेली तरी घर चालते. पण बॅटरीला अनुदान नाही, कर्ज बरेच वाढते आणि काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. दुसरा, दोन प्रश्न वेगळे करायचे. बिलासाठी दोन किलोवॅटचे साधे ऑन-ग्रिड, म्हणजे तारेला जोडलेले सोलर, पतसंस्थेच्या कर्जावर. गोठ्यासाठी एक स्वतंत्र छोटे पॅनेल, एक बॅटरी आणि दोन दिवे. त्याचा तारेशी संबंध नाही, म्हणून सायबाशीही नाही. हे दुधाच्या एका पगारात, म्हणजे डेअरीकडून एका वेळी मिळणाऱ्या पैशांत, रोखीने येते. आणि अनुदान जमा झाले की ते थेट मुद्दलात भरायचे, म्हणजे हप्ते लवकर संपतील.

"म्हंजी तीनचा नायच," बाळासाहेब म्हणाले.

"तिसऱ्या किलोवॅटला अनुदानही पहिल्या दोहोंपेक्षा कमी आहे. आणि वर्षभरात वापरून उरलेल्या विजेचे फार पैसे मिळत नाहीत."

"मळ्यात काय सांगू?"

"सांगा, एक गोठ्यावर हाये," मागच्या सीटवरून अलकाताई म्हणाल्या. "दोन आन् एक तीन."

बाळासाहेबांनी आरशातून बायकोकडे पाहिले. हा हिशेब त्यांना पटल्याचे दिसले.

मॅनेजरसाहेबांना मात्र पटला नाही. "मॅडम, तीनची फाइल घेऊन गेलात, दोनची घेऊन आलात. तुम्ही कोणाच्या बाजूच्या?"

"गोठ्यात दिसलं तर धार निघेल. धार निघाली तर हप्ता येईल."

"शेरा लिहा," ते म्हणाले.

काम मंचरच्या विक्रेत्याला मिळाले. आळेफाट्याचा रागावला, आजही भेटला की 'आल्या लाईटवाल्या मॅडम' म्हणतो. त्यातला नेमका कोणता अर्थ, हे मी विचारलेले नाही.

नेट मीटर लागून काही दिवस झाले असतील. पहाटे फोन वाजला. अलकाताई.

"मॅडम, लाईट गेलीये."

मी दचकून उठले. "मग?"

"मंग काय? ऐका."

त्यांनी फोन कुठेतरी ठेवला असावा. आधी पत्र्याचा बारीक आवाज, मग बादलीत पडणारी धार. रिकाम्या बुडावर ती टणटणीत वाजते, भरत गेली की मऊ होते. मध्येच गाईने श्वास सोडला. दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय इतकी सलग धार येत नाही.

बिल किती आले, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आता कोणाच्याही घरी गेले, की कोटेशन उघडण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: लाईट म्हणजे तुमच्याकडे काय? कोटेशन कोणी मागवले, याने मला फरक पडत नाही. पहाटे घरात आधी कोण उठते, त्याला विचारते.