उलटण्याची तयारी

वेल्डिंगच्या दुकानात लोखंडाचा कीस आणि किस्से दोन्ही सारखेच साठतात. रोज झाडून काढा, कोपऱ्यात उरतातच. बनारसला लहरताऱ्याजवळ माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. कामं साधी. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, टाक्यांचे स्टँड. पण आज मित्रमंडळी जमली की मला जे किस्से सांगायला लावतात, ते सगळे एकाच गाडीचे!

गाडी माझ्या आतेभावाची, अनंताची. हा बँकेत क्लार्क. वडील, म्हणजे आमचे आप्पा, घाटावरचे वैदिक. आणि ह्याला उतरायचं होतं मोटारींच्या शर्यतीत.

*

"दादा, गाडीत रोल बार बसवायचाय," अनंता म्हणाला.

मी मुनीरभाईंना हाक मारली. माझे वेल्डर. साठीला आलेले, पण हात असा की जोड कुठे आहे ते शोधावं लागे. अनंताने त्यांना समजावलं : सीटच्या मागे जाड पाइपाची कमान, तिला मागून दोन तिरके टेकू. गाडी उलटली तर टप चेपत नाही, डोकं वाचतं.

मुनीरभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"उलटना पहले से तय है का, बाबू?"

"तय नहीं है चाचा. उलट सकती है."

"त धीरे चलाइए!"

माझ्या मते त्या विषयावरची तांत्रिक चर्चा तिथेच संपली होती.

*

पाइप वाकवताना चेपू नये म्हणून आत वाळू ठासून भरतात. वाळू गंगेच्या पलीकडच्या काठावरची. पहिल्या कमानीत ती नीट ठासली गेली नाही, आणि पाइप वळणावर चपटा झाला. अनंताने बोट फिरवून पाहिलं आणि मान हलवली.

"चाचा, ये गोल नहीं रहा."

"माथा कौन-सा गोल होता है, बाबू?"

तरी ती कमान रद्द झाली. संध्याकाळी एक मास्तर आले, त्यांना आवडली, फाटकावर लावायला घेऊन गेले. त्यांच्या फाटकावर मधुमालती चढली आहे. अजून एकदाही उलटलेलं नाही.

*

दुसरी कमान देखणी झाली. मुनीरभाईंनी मागचे दोन्ही टेकूही जमिनीवरच वेल्ड करून टाकले. मग आम्ही तिघांनी ती उचलली आणि गाडीकडे नेली. डाव्या दारातून जाईना. उजव्यातून जाईना. पुढची काच काढली, तरी जाईना. आम्ही गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने चप्पल काढून नमस्कार केला.

शेवटी टेकू कापून आतच जोडावे लागले.  मुनीरभाई जाताना म्हणाले, "पिंजरा ठीक था. गाड़ी छोटी है."

*

चॅसिसची चूक मात्र माझी. खालून तिरक्या पट्ट्या मारून चॅसिस ताठ करायची होती, म्हणून गाडी मी विटांवर चढवली. एका कोपऱ्यात वीट कमी पडली, मी म्हटलं, एवढ्याने काय होतंय! वेल्डिंग झालं, गाडी खाली घेतली, तर डावं दार लागेना. चॅसिस पिळलेली होती, आणि आता अशी पक्की पिळलेली होती की हत्तीलाही सरळ करता येईना.

दोन दिवस सगळं कापलं. या वेळी पाण्याच्या नळीने लेव्हल पाहून पुन्हा जोडलं.  अनंता जाताना सगळ्या विटा स्वतः मोजून गेला.

*

घरी आप्पांना कुणकुण लागली होती. एके दिवशी जेवताना त्यांनी वरणभात कालवत अनंताला विचारलं, "मुहूर्त काढून देऊ का?"

अनंता हरखला. "गाडी बाहेर काढायचा?"

"नाही. उलटायचा."

त्यानंतर बापलेकांत त्या गाडीबद्दल बोलणं झालं नाही. आत्या सांगायची, आप्पांची संध्या हल्ली लांबते म्हणून.

*

शर्यत मिर्झापूरकडच्या माळावर होती. सुरुवातीला तपासणी. तपासनीस साहेबांनी आमचा बार दोन्ही हातांनी धरला आणि सगळा जोर लावून हलवला. गाडी गदागदा हलली.

"ये तो हिल रहा है!"

"साहब," मुनीरभाई म्हणाले, "बार नहीं हिल रहा. आप गाड़ी हिला रहे हैं."

साहेबांनी पुन्हा हलवून पाहिलं. पास केलं.

*

तिसऱ्या फेरीत अनंताची गाडी उलटली. एक कोलांटी, आणि चाकं वर. धुळीत काही दिसेना. मी होतो तिथेच उभा राहिलो. मुनीरभाई मात्र धावले. त्यांना धावताना मी तेव्हाच पाहिलं. पोचल्यावर ते पालथे झाले, खिडकीतून डोकं आत घातलं आणि जोड बघितले.

"फटा नहीं," ते डोकं बाहेर काढून मला ओरडून म्हणाले. मग पुन्हा डोकं आत घातलं. "आप कैसे हैं, बाबू?"

अनंता पट्ट्याला उलटा लटकत होता. खरचटलंसुद्धा नव्हतं. मग त्याने पट्टा उघडला आणि डोक्यावर पडला. लागलं ते तेवढंच!

मुनीरभाईंना त्यानंतर बिडी पेटवता येईना. तीन काड्या गेल्या. चौथी मी ओढली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी वर्कशॉपात आणली. टप फाटलेला, काचा गेलेल्या, कमान एका बाजूला जराशी वाकलेली. आम्ही तिघं बघत उभे होतो, तेवढ्यात आप्पा आले. घाटावरून सरळ आले होते, धोतर ओलं. वर्कशॉपात त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता.

 मुनीरभाईंनी स्टूल पुसून पुढे केलं. आप्पा बसले नाहीत. गाडीच्या आत वाकले, आणि जिथे पाइप वाकला होता तिथे हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"लागलं का रे?"

अनंताने टेंगळावरून हात फिरवला. "नाही आप्पा, मला काही नाही."

"तुला नाही विचारलं," आप्पा म्हणाले.